आता सुटली असंल

नांदेड, २१ जुलै

प्रिय बुद्धप्रिया,

सप्रेम जय भीम.

फोनवर तू मला बंद करून ठेवलंस, पण पोस्टमनला बंद करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. घाबरू नको. भांडायला लिहीत नाही आणि समजूत काढायलाही नाही. एकच गोष्ट विचारायची आहे, आणि ती विचारावी असं पोलिसातल्या तुझ्याशिवाय माझ्या ओळखीत कुणी नाही. पळताना नडगीच्या हाडाला ठणका लागतो, त्याचं काय करायचं?

हसलीस ना? हस. मला पण हसू येतं. तसा मी लहानपणापासून पळतच आलोय, पण फक्त संडासाकडं.

झालं असं. सरकारी दवाखान्यात उमाबाई नावाच्या सिस्टर आहेत. पोटाला नवी पिशवी लागलेलं कुणी आलं की त्या मला फोन करतात आणि मी शाळा सुटल्यावर जाऊन त्या माणसाशी बोलत बसतो. काय बोलायचं असतं? माझं मोठं आतडं काढलेलं आहे, लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर आणलेलं आहे, त्यावर ही पिशवी चिकटवलेली असते, आणि एवढं सगळं असूनही मी रोज आठवीच्या पोरांना गणित शिकवतो. एवढंच सांगायचं असतं. पण ते पिशवीवाल्यानंच सांगितलं तर खरं वाटतं.

जूनमध्ये देगलूरहून शिवगंगा नावाची पोरगी आली. अकरा वर्षांची. माझाच आजार, आणि माझ्याच वयात सुरू झालेला. ऑपरेशन हैदराबादला झालं. घरी आणल्यावर पिशव्या संपल्या आणि देगलूरला मिळेनात. तिचा बाप मल्लेश टेम्पो चालवतो. त्यानं किराणा दुकानातली प्लास्टिकची पिशवी धोतराच्या फडक्यानं पोटाला बांधली. कातडं भाजल्यासारखं झालं होतं. मी गेलो तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून पडली होती, बापाशीसुद्धा बोलत नव्हती. मी शर्ट वर केला.

तिनं मान वळवली. “तुमचं पण?”

“माझं पण.”

उठून बसली. मग म्हणाली, “तुम्ही पळता का? मी खो-खोत होते.”

आणि मी म्हणालो, “पळतो की.”

प्रिया, मी कधी एस.टी.मागं सुद्धा पळालेलो नाही. पण शब्द गेला तोंडातून. त्याच आठवड्यात बूट घेतले. डिसेंबरात इथं दहा किलोमीटरची दौड असते. धावणाऱ्याच्या नावानं लोक एखाद्या कामाला मदत देतात. माझं काम म्हणजे उमाबाईंच्या वॉर्डात पिशव्यांचं एक कपाट, पोरांसाठी. कुणाच्या बापाला परत फडकं बांधायची वेळ येऊ नये.

अप्पा बरे आहेत. तुझं नाव घेत नाहीत, पण टीव्हीवर लातूर म्हणलं की आवाज वाढवतात.

तुझा,
आनंददादा


नांदेड, १८ ऑगस्ट

प्रिय बुद्धप्रिया,

जय भीम. तुझं कार्ड मिळालं. “बूट एक नंबर मोठा पाहिजे. टाच आधी टेकवू नको. रोज पळू नको.” सही सुद्धा नाही. पण तुझं अक्षर मी हदगावच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं पाहिलंय, ते विसरतो का? अप्पांनी कार्ड दोनदा वाचलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले, “बरोबर सांगितलं तिनं. टाच आपटूनच पळून राहिलास तू.” म्हणजे म्हातारा गच्चीवरून बघत असतो.

बूट बदलले. ठणका गेला. आता मी एक दिवसाआड स्टेडियमवर जातो. पोलीस भरतीच्या पोरी वाऱ्यासारख्या बाजूनं जातात. त्यातली एक परवा म्हणाली, “सर, तुम्ही बाजूच्या पट्टीत चाला ना.” मी पळत होतो गं.

आता दुसरं सांगतो, कारण तू शिकवणार असशील तर खरं सांगायला पाहिजे. गेल्या रविवारी पिशवी सुटली. घामानं कडेचं चिकट निघालं. मला कळलं तेव्हा सगळं मांडीवर आलं होतं. शर्ट काढून कमरेला बांधला आणि गल्लीबोळातनं घरी आलो. बनियनवर, भर सकाळी, एक माध्यमिक शिक्षक. तोंड अकरा वर्षांच्या पोराचं झालं होतं माझं. तुला आठवत असेल, गोळ्यांनी तोंड सुजायचं आणि वर्गात मला डबलरोटी म्हणायचे. आई माझ्या दप्तरात पुस्तकांच्या खाली एक जास्तीची चड्डी ठेवायची. ती कुणाला दिसू नये म्हणून मी दप्तर कधी वर्गात उघडायचोच नाही. मास्तर आईला ऐकवायचे, महामायाबाई, तुमचा पोरगा आळशी आहे.

दारात अप्पा उभे होते. बादली भरून दिली, टॉवेल दिला. मी आंघोळ करून आलो तर बूट धुऊन उन्हात ठेवलेले. मग म्हणाले, “ती पण अशीच बूट धुवायची. शर्यतीच्या आधी.”

मी विचारलं, “कोणती शर्यत?”

अप्पांनी बादली उचलली आणि आत गेले. मी जास्त विचारलं नाही. तू सांगशील का?

आनंददादा


नांदेड, ६ ऑक्टोबर

प्रिया,

तू सांगितलं नाहीस. अप्पांनीच सांगितलं, काल. त्यांनाही आई गेल्यावरच कळलं होतं, नासिर चाचांकडून. आपले हदगावचे शेजारी असूनही चाचा-चाचींनी इतकी वर्षं शब्द बाहेर जाऊ दिला नाही.

मला खरंच माहीत नव्हतं. तू नववीत आठशे मीटरमध्ये विभागात पहिली आलीस, पुण्याला राज्याच्या स्पर्धेला तुझं नाव गेलं, आणि ती स्पर्धा माझं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात होती. यातलं काहीच माहीत नव्हतं. आई-अप्पा दोघं माझ्यासोबत हैदराबादला. तुला नासिर चाचा पुण्याला घेऊन जाणार असं ठरलेलं. आणि बसस्टँडवर तुमचे खेळाचे सर म्हणाले, मुलीसोबत घरचं माणूस लागतं, हे घरचे नाहीत.

मी रात्रभर स्वतःशी बोलत होतो. आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू जेवणाच्या पंगतीत म्हणालीस, “आई तुझीच होती. मला तिचा उरलेला वेळ मिळाला.” आणि मी म्हणालो, “मी काय हौसेनं आजारी पडलो?” तू ताट ठेवून उठलीस. मी खोटं नव्हतो बोललो. पण तू काय म्हणत होतीस ते मला ऐकूच आलं नव्हतं.

आता जे लिहितो ते नीट वाच. हे आजवर मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला त्याचा अर्थच लागला नव्हता.

ऑपरेशननंतरचा दुसरा-तिसरा दिवस असेल. नाकात नळी, पोटात नळी. दुपारची वेळ. आई माझ्या पलंगाजवळ बसलेली. ती सारखी सिस्टरला विचारत होती, “कितने बजे, अम्मा? कितने बजे?” सिस्टर वैतागली. मला वाटलं माझ्या इंजेक्शनची वेळ विचारून राहिली. मग एकदम उठली, खिडकीकडं तोंड करून उभी राहिली, आणि म्हणाली, “आता सुटली असंल.”

मी विचारलं, “कोण?”

“कुणी न्हाई. तू पड.”

मला वाटलं, हदगावची एस.टी. तिला घराची आठवण आली असेल. पण ती तशीच उभी राहिली. खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरला होता. श्वास धरल्यासारखी. थोड्या वेळानं हात सोडले आणि खालीच बसली, फरशीवर. चेहरा घामानं भरला होता. “पोचली,” म्हणाली. आणि हसली. त्या दवाखान्यात ती एवढी एकदाच हसलेली मी पाहिली.

तिला वाटत होतं तू पळतीयेस, प्रिया. मी पलंगावर होतो, पण तेवढा वेळ ती माझ्याजवळ नव्हतीच.

आनंददादा


लातूर, १९ ऑक्टोबर

दादा,

जय भीम.

पत्र पोलीस ठाण्याच्या पत्त्यावर आलं. ड्युटीवर वाचलं. वाचायला नको होतं. हवालदार मॅडमनी विचारलं घरी कुणी गेलं का. मी म्हणलं न्हाई, कुणी आलंय.

मला लांब लिहायची सवय नाही. रिपोर्ट लिहिते तसं लिहिते.

बसस्टँडवर नासिर चाचा नवा शर्ट घालून आले होते. रजिया चाचीनं माझी पळायची चड्डी शिवली होती, निळी. सर म्हणाले तसं चाचा म्हणाले, “मैं घर का ही हूँ. इसके बाप से पूछो.” अप्पांकडं फोन नव्हता. दवाखान्याचा नंबर लागेना. बस गेली. चाचा तिथंच खांबाला टेकून रडले, मी न्हाई रडले. घरी आल्यावर चाचीला शपथ घातली की आई-अप्पांना सांगायचं नाही. तुझं पोट फाडलेलं, त्यात हे कशाला.

तुम्ही आलात तेव्हा आईचं हाड अन् हाड दिसत होतं. तिनं हातातलं सामान खाली ठेवलं नव्हतं अजून, विचारलं, “कितवी आलीस?” मी म्हणलं, चौथी. तिसरी म्हणलं असतं तर पदक दाखवावं लागलं असतं.

त्यावर तिनं सगळी गल्ली पालथी घातली. माझी लेक राज्यात चौथी. फक्त तुझ्यापुढं बोलायची न्हाई, तू अंथरुणावर, तुला लागेल म्हणून. शेवटी आजारी होती तेव्हा डॉक्टरला सुद्धा सांगितलं. मी तिथंच उभी होते. डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, अरे वा. अशा वेळी माणूस काय करणार? मान हलवली.

मग राग कुणावर काढायचा? सर रिटायर. आई गेली. तू जिवंत होतास आणि समोर होतास.

खिडकीचं तू लिहिलंस ते मी रोज वाचते. मी त्या दिवशी पळाले नाही, पण तिनं मला पळवलं. मधल्या वळणावर मी दमले असणार म्हणून तिनं गज घट्ट धरला असंल. मला हे आता कळतंय, आता मी रात्री झोपते.

कामाचं: तुला मोठं आतडं नाही म्हणजे अंगात पाणी अन् मीठ थांबत नाही. मी इथल्या डॉक्टरला विचारून आले. पळण्याच्या आदल्या दिवशीपासून ओआरएस घोट घोट पीत राहायचं. तहान लागायची वाट बघायची नाही. पिशवीवरून रुंद पट्टा बांध. पहिला अर्धा भाग एवढा सावकाश पळ की तुलाच लाज वाटली पाहिजे.

मी येणार नाही. डिसेंबरात बंदोबस्त असतो.

बुद्धप्रिया


नांदेड, ३० नोव्हेंबर

प्रिया,

पट्टा रजिया चाचीनं शिवून पाठवला. अप्पांनी हदगावला फोन केला होता. आत मऊ अस्तर आहे. त्यावर तिनं छोटा खिसा पण लावलाय, म्हणे पेपरमिंट ठेवायला.

काल पहिल्यांदा पूर्ण अंतर पळालो. लाज वाटेल एवढं सावकाश. ती स्टेडियमवाली पोरगी थांबली आणि म्हणाली, “सर, आता पळणं दिसून राहिलंय तुमचं.”

कपाट आलं. लोखंडी, निळं. उमाबाईंनी वॉर्डात लावूनही घेतलं. मदत येतेय, माझ्या आठवीच्या पोरांनी सुद्धा खाऊच्या पैशातनं आणली. त्यांना पिशवीबद्दल मी वर्गात सांगितलं. एवढी वर्षं मी तासाच्या मधेच कुठं जातो हे त्यांना कळलं. एक जण म्हणाला, “सर, आम्हाला वाटायचं तुम्ही सिगारेट पिता.”

शिवगंगा आणि मल्लेश येणार आहेत बघायला. मला भीती वाटते. पळण्याची नाही. रस्त्यावर, सगळ्यांसमोर, पिशवी सुटण्याची.

तू येणार नाहीस, माहीत आहे. तरी सांगितलं.

आनंददादा


लातूर, १८ डिसेंबर

दादा,

अप्पांचा फोन आला की सलाईन काढली आणि तू वरणभात खाल्लास. आता डोकं ठिकाणावर आलं असेल तर हे वाच. त्या दिवशीचं तुला अर्धंच आठवतंय असं अप्पा म्हणाले. म्हणून लिहिते.

मी सुट्टी बदलून घेतली होती. तुला सांगितलं नाही, कारण तू मला शोधत पळाला असतास आणि खड्ड्यात पडला असतास. सुटताना मी गर्दीत शेवटी उभी होते, टोपी खाली ओढून. तू सुटलास. मी मागं लागले. एवढं सावकाश मी जन्मात पळाले नाही, पाय दुखले माझे. पण तू चांगला पळत होतास. खांदे सैल, टाच बरोबर. दुसऱ्या कुणाचं पळणं बघून मला कधी असं झालं नव्हतं. तुझ्या पावलाला मी पाऊल जुळवत होते.

वर्कशॉप कॉर्नरच्या पुढं तुझी मान लटपटली. पाण्याच्या टेबलावर पोरं ग्लास पुढं करत होती आणि तू हातानं नको म्हणत होतास. मागच्या टेबलावर पण नको म्हणालास. तेव्हा मला कळलं. पिशवी भरू नये म्हणून तू आदल्या संध्याकाळपासून घोटभर पण प्यायला नव्हतास. एवढं मी लिहून सुद्धा! तुझ्या वर्गातल्या पोरानं असं केलं असतं तर कान धरला असतास.

तू रस्त्याच्या कडेला बसलास. मी पोचले तेव्हा तू म्हणालास, “आई, चड्डी आण.” मी म्हणलं, “आई न्हाई, मी हाय.” तुझ्या टी-शर्टला खालून ओल आली होती. वास येत होता. दोन माणसं लांब सरकली.

समोरच्या घराचं दार मी वाजवलं. “पोलीस. दार उघडा.” सवयीनं निघालं तोंडातून. आतली बाई घाबरली, “काय झालं हो मॅडम?” मी म्हणलं, “काय न्हाई मावशी, भाऊ हाय माझा. न्हाणी पाहिजे.” तिनं तुझ्याकडं बघितलं आणि काही न विचारता गरम पाण्याची बादली लावली. त्या मावशीचं नाव सुद्धा विचारायचं राहिलं.

तू आत गेलास आणि कडी घातलीस. आतून काहीच आवाज येईना. मी दार हलवलं. तू म्हणालास, “तू जा बाहेर.” हदगावला मी हेच ऐकायचे, दादा. तू आणि आई आत, दार बंद, आणि मी बाहेर वही घेऊन बसलेली. मला वाटायचं आत काहीतरी फार भयंकर आहे. किंवा फार चांगलं, जे मला द्यायचं नाही.

मी म्हणलं, “कडी काढ न्हाईतर दार मोडते.”

काढलीस. फरशीवर भिंतीला टेकून बसला होतास. पट्टा सुटलेला. पोटावर हात धरला होतास, दोन्ही. मी म्हणलं, “हात काढ.” तू म्हणालास, “तू नको बघू, प्रिया.” मी म्हणलं, “रेल्वेखाली आलेली माणसं उचलते मी. काढ हात.”

काढलास. एक लाल बोंड. ओलं. माझ्या अंगठ्याएवढं असंल नसंल.

“एवढंच?” मी म्हणलं.

“एवढंच.”

एवढ्यासाठी सगळं घर वर्षानुवर्षं दार लावून बसलं होतं? मला रडू यायला पाहिजे होतं, पण तेवढ्यात ते हललं आणि मी दचकून मागं सरले. तू डोळे मिटूनच म्हणालास, “भूक लागली असंल त्याला.” मग आपण दोघं हसलो. त्या न्हाणीत. तुला आठवतंय का? न्हाई आठवत तर लिहून ठेवते, आपण हसलो.

तू सांगत गेलास, मी करत गेले. कोमट पाणी, मऊ कापड, कोरडं करायचं, मग तुझ्या खिशातली नवी पिशवी आतल्या बाजूनं दाबत आणायची. सोपं आहे. मला आधीच कुणी शिकवलं असतं तर मी लहानपणीच शिकले असते. मावशीनं लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दिलं. घोट घोट पाजलं. रंग आला तोंडावर. मी रिक्षा थांबवली. तू बसेनास. “शिवगंगा थांबलीय,” म्हणालास. मी पोलीस आहे, मी तुला उचलून रिक्षात टाकू शकत होते. का टाकलं नाही मला माहीत नाही.

आपण चालत गेलो. शेवटी मंडपवाले कमान उतरवत होते. अप्पा खुर्चीवर, त्यांच्या बाजूला मल्लेश आणि ती पोरगी, पिवळ्या फ्रॉकमध्ये. तिनं तुला बघितलं आणि तिचं तोंड पडलं. “तुम्ही चालत आलात,” म्हणाली. “पळतो म्हणला होतात.”

तू खाली बघितलंस.

मी म्हणलं, “पळाला. मी मागंच होते. मी बघितलंय.”

ती माझ्याकडं वळली. “खरंच?”

“खरंच. चांगला पळतो.”

मला इतकंच कळलं की माणूस पळाला हे सांगायला कुणीतरी मागं असावं लागतं. मग तिनं विचारलं, तिला पण पळता येईल का. मी म्हणलं, आधी डॉक्टरला विचारायचं, मग चालायचं, मग मला विचारायचं. मल्लेशनं माझा नंबर घेतला. त्यानंतर तू अप्पांच्या अंगावर कलंडलास आणि आपण दवाखान्यात गेलो, ते तुला माहीत आहे.

उमाबाईंनी मला कपाट दाखवलं. पिशव्या मापाप्रमाणे लावल्यात, लहान पोरांच्या खालच्या फळीवर, त्यांचा हात पोचेल अशा. जायच्या आधी तुझ्या कपाळाला हात लावला. तू झोपेत होतास. अप्पा म्हणाले, थांब आजची रात्र. ड्युटी होती, थांबता आलं नाही. संक्रांतीला दोन दिवस येते. अप्पांना सांग ज्वारी दळून ठेवा.

परत येताना अहमदपूरच्या पुढं मला रडू आलं. खिडकीशी बसले होते, युनिफॉर्मवर, आणि थांबेना. बस भरलेली. सगळे बघून राहिले. कंडक्टर तिकिटं सोडून माझ्याजवळ आला, म्हातारा माणूस. वाकून म्हणाला, “काय झालं मॅडम? बरं वाटत न्हाई का? थांबवू का गाडी?”

मी म्हणलं, “न्हाई मामा, चालू द्या. लई बरं वाटून राहिलंय.”

तुझी,
प्रिया